हंड्यात पाणी आहे का? : आधुनिक चित्रातील मानवाकृतीविषयी

बीड जिल्ह्यातील एका कलाविद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर बसलेल्या मॉडेलवरून रेखाटन करण्याच्या वर्गात, त्याला चांगले गुण मिळतात, प्रमाण चुकत नाही, छायाप्रकाशही व्यवस्थित येतो. परंतु स्वतःचे चित्र म्हणून मोठा कॅनव्हास हाती घेतला की त्यातली माणसे पोझ देऊन उभी असल्यासारखी दिसतात. आधुनिक चित्रकारांप्रमाणे मान लांब, हात आखूड, चेहरा कोरा असे करून पाहिले, तर ते उसने वाटते. तेव्हा आधुनिक चित्रकार मानवाकृतीकडे नेमके कसे पाहतो, विरूपीकरण, म्हणजे आकृतीची अशी मोडतोड, किती करावे याला काही नियम आहे का, आणि फसलेल्या चित्रांचे काय करावे, असे त्याने विचारले आहे.

तुमच्या प्रश्नातला ‘किती’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. विरूपीकरण हे काही भाजीतले मीठ नाही की ते चिमूटभर घालावे की मूठभर, असा हिशेब करता यावा. चांगल्या चित्रकाराने आधी अचूक शरीर काढून मग त्यात मापाने बिघाड केलेला नसतो. शरीराकडे पाहताना तो एखादीच गोष्ट घट्ट धरतो. ती अंगावरचे ओझे असेल, दोन माणसांमधले अंतर असेल, किंवा आता तोल जाणार ही भीती असेल. आणि ती एक गोष्ट चित्रात खरी उतरावी म्हणून बाकीचे जे जे हलवावे लागेल ते हलवायला तो तयार असतो. मान लांबते, हात आखडतो, चेहरा पुसला जातो तो या हलवाहलवीत. आपल्याला प्रदर्शनात आणि पुस्तकांत दिसतो तो फक्त शेवट, आणि आपण त्या शेवटापासून सुरुवात करू पाहतो. हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो, कारण मी स्वतः नेमके हेच केले होते.

शिक्षण संपल्यावर दोनेक वर्षांनी मी पहिले प्रदर्शन केले. त्यात पाणी वाहून आणणाऱ्या तीन बायांचे एक मोठे चित्र होते आणि मला त्याचा फार अभिमान होता. लांब माना, बदामी डोळे, कमरेला डौलदार बाक आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकावर एक दोन हंडे, असा सगळा थाट होता. गावाकडून माझे चुलते आले होते. जन्मभर शेती केलेला माणूस, चित्रांशी त्यांचा संबंध देवघरातल्या तसबिरींपुरता. ते त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या बायांच्या हंड्यात पाणी हाय का रं?” मी हसून म्हणालो, “असणारच की, काका.” त्यावर ते म्हणाले, “मंग ह्यांच्या मानंला ते ठावं कसं न्हाई?”

त्या दिवशी मला राग आला होता. काकांना आधुनिक चित्र कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे कित्येक महिन्यांनी गावी गेलो असताना विहिरीवरून परतणाऱ्या बाया नीट पाहिल्या, तेव्हा कळले की काकांनी माझ्या चित्राचे जितके अचूक परीक्षण केले होते तितके पुढे कोणी केले नाही. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, आणि वर हंड्याचे वजन वेगळे. ते डोक्यावर आले की मान लांबत नाही, ती खांद्यांत रुतते. डोके जवळजवळ स्थिर राहते आणि सगळी हालचाल खाली, कमरेत आणि गुडघ्यांत उतरते. मान वाकवता येत नाही, म्हणून वाट पाहायची ती फक्त डोळे खाली करून. हंड्याला एक हात लावलेला असेल तर त्या बाजूचा खांदा वर चढतो, बरगड्या ताणल्या जातात, आणि दुसरा हात तोल सांभाळण्यासाठी अंगापासून थोडा दूर जातो. माझ्या बायांच्या हंसासारख्या माना कुठल्यातरी पुस्तकातून आल्या होत्या. त्या लांब होत्या ही चूक नव्हती. त्या कशामुळे लांब झाल्या याचे उत्तर चित्रात कुठेच नव्हते, ही खरी चूक होती.

लाइफ क्लासमध्ये तुम्हाला ओळंबा शिकवला असेल. मॉडेल एका पायावर भार देऊन उभे असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेषा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ येते; त्या बाजूचा नितंब वर जातो आणि खांदा खाली येतो. विद्यार्थी हे चूक तपासण्याचे साधन म्हणून वापरतात आणि परीक्षेपुरते ते पुरते. आता हाच ओळंबा घेऊन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जा. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाचे धड इतके पुढे झुकलेले असते की गळ्यातून सोडलेली रेषा पावलांच्या कितीतरी पुढे पडते. शरीरशास्त्राच्या हिशेबाने हा माणूस तोंडावर पडायला हवा, पण तो पडत नाही, कारण तोल त्याच्या एकट्याचा नसून त्याचा आणि पोत्याचा मिळून आहे. तेव्हा माणूस आधी काढून मागाहून त्याच्या पाठीवर पोते ठेवले तर ते चित्र फसणारच. पोते आणि माणूस ही एकच आकृती आहे, तिला दोन पाय आहेत आणि तिचे सर्वांत जड अंग तागाचे आहे, असे धरून पहिली रेषा ओढावी लागते. असे धरले की डोके आपोआप लहान होते, मांड्या आणि पोटऱ्या मोठ्या होतात, हाताचे पंजे पोत्याच्या कोपऱ्यांत जवळजवळ विरून जातात. हे तुम्ही ठरवून केलेले विरूपीकरण नाही.

चित्रकार तय्यब मेहतांच्या रिक्षावाल्यांच्या चित्रांत हेच घडते. कलकत्त्यातली हातरिक्षा आणि तिचा ओढणारा यांच्यातली सीमा त्या चित्रांत हळूहळू नाहीशी होते. दांड्या हातांतून निघाल्यासारख्या दिसतात आणि माणसाचे धड रिक्षेचाच एक भाग होते. मेहतांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ‘एक गोष्ट घट्ट धरणे’ याचे त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. १९४७च्या दंगलीत त्यांनी मुंबईत महंमद अली रस्त्यावर जमावाने एका तरुणाला ठार मारताना खिडकीतून पाहिले होते. तो प्रसंग त्यांनी प्रसंग म्हणून कधी रंगवला नाही. त्याऐवजी त्यांच्या चित्रांत वर्षानुवर्षे कोसळणारी आकृती येत राहिली, आणि पाय बांधून पाडलेला बैल येत राहिला. कोसळणाऱ्या माणसाला जमीन नसते, म्हणून त्या चित्रांत क्षितिज नाही. १९६८मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथून परतल्यावर त्यांचा रंग सपाट झाला, छटा गेल्या, आणि १९६९पासून कॅनव्हासला कोपऱ्यातून छेदणारी तिरपी पट्टी आकृतीचे दोन तुकडे करू लागली. त्या पट्टीच्या एका बाजूला खांदा आणि दुसऱ्या बाजूला, भलत्याच ठिकाणी, हात. वरवर पाहणाऱ्याला ही निव्वळ रचनेची युक्ती वाटते. पण शरीर आतून तुटते ते कसे दाखवावे या एकाच प्रश्नामागे माणूस वीस वर्षे लागला, तेव्हा तो तिथे पोहोचला. ती पट्टी आज आपण उचलली तर आपल्या हाती फक्त पट्टी येईल.

आता तुमच्या स्वतःच्या भागातली एक गोष्ट सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, आणि एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. तुम्ही हे लहानपणापासून ऐकले असेल. चित्रकार म्हणून त्यावर थांबून कधी विचार केला आहे का? दोन शरीरांचा मिळून एक आकडा होतो, आणि तो आकडाही माणसाच्या नावाने नव्हे, हत्याराच्या नावाने. तो ऊस तोडतो आणि ती वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, साळून मोळी बांधते. किंवा दोघेही तोडतात आणि मग मोळी डोक्यावर घेऊन ती अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. मी काही वर्षांपूर्वी या विषयावर काम करायला घेतले तेव्हा पहिली सात-आठ रेखाटने साफ फसली, कारण मी एक पुरुष आणि एक बाई असे दोघांना शेजारी शेजारी मांडत होतो आणि ते लग्नाच्या फोटोसारखे दिसत होते. नंतर असे ठरवले की दोघांची मिळून बाह्यरेषा एकच ठेवायची. ती वाकलेली, तो ताठ होत असलेला, आणि दोघांच्या पाठींवरून कागद न सोडता जाणारी एकच रेषा. असे करताना तिचा डावा हात त्याच्या मांडीमागे नाहीसा झाला आणि त्याचे पाऊल काढायला जागाच उरली नाही. मी ते तसेच राहू दिले. दोघांचे मिळून तीन हात आणि तीन पाय दिसतात, आणि त्या चित्रापुढे आजवर कोणीही चौथा हात कुठे गेला असे विचारलेले नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे विसाव्या शतकातले झाले, आपल्या परंपरेत तर देह सुंदर आणि प्रमाणबद्ध आहे. इथे माझा थोडा वाद आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वापुढे लाइफ क्लासची फूटपट्टी घेऊन उभे राहा. हातात निळे कमळ धरलेल्या त्या देहाचा खांदा अवाजवी रुंद आहे, दंडापासून मनगटापर्यंतचा ओघ हत्तीच्या सोंडेसारखा आहे, कोपराचे हाड जवळजवळ नाहीच, आणि भुवया एका सलग धनुष्यासारख्या ओढल्या आहेत. शेजारची माणसे त्याच्या मानाने इतकी लहान आहेत की यथादर्शनाच्या नियमाने ती बरीच दूर असायला हवीत, आणि तरीही ती त्याला खेटून आहेत. प्रकाश कुठून येतो हेही सांगता येत नाही. एका खिडकीतला उजेड सगळ्यांवर पडावा ही कल्पनाच तिथे नाही. प्रत्येक अंगाला कडेला गडद आणि मध्ये उजळ अशी स्वतःची गोलाई आहे, आणि नाकावर, ओठांवर, हनुवटीवर पांढऱ्याचा एखादा फटकारा. आपल्या ग्रंथांत याला वर्तना म्हटले आहे. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने करुणेने खाली झुकलेली नजर ही एकच गोष्ट घट्ट धरली, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा देह त्या नजरेच्या उताराला जोडून दिला.

कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. परीक्षेसाठी ही यादी आपण सगळेच पाठ करतो. तिच्यात प्रमाण आणि भाव ही वेगवेगळी अंगे म्हणून मोजली आहेत, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. प्रमाण साधले की भाव आपोआप येतो असे टीकाकाराने मानलेले नाही. तुमच्या चित्रांतली माणसे पोझ देऊन उभी राहतात, ती या दोन अंगांतल्या मोकळ्या जागेत.

याच संदर्भात एक इतिहासातली गंमत. ब्रिटिश चित्रशिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या. ज्या शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या ठशांवरून हात बसवला जात होता, त्याच शाळेतली मुले आमच्या डोंगरात येऊन महिनोन्‌महिने पद्मपाणीची रेषा गिरवत होती. दोन देहकल्पना एकाच हातात एकाच वेळी होत्या. पण त्या प्रतिकृती नोंद म्हणूनच राहिल्या, त्यांतल्या पुष्कळ पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, आणि रेषेचा प्रश्न तसाच पडून राहिला.

तो उचलला तो बऱ्याच उशिरा, अमृता शेरगिल यांनी. पॅरिसमध्ये रीतसर शिकून, तिथल्या सालों नावाच्या कलाप्रदर्शनांमध्ये नाव मिळवून त्या १९३४मध्ये भारतात परतल्या होत्या. १९३६च्या अखेरीस त्या अजिंठा-वेरूळला येऊन गेल्या आणि दक्षिणेकडे उतरल्या. १९३७मध्ये केलेली नववधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय गावकरी ही तीन चित्रे त्यांच्या आधीच्या चित्रांशेजारी ठेवून पाहा. पॅरिसच्या चित्रांत मांसल गोलाई आहे, खोलीतला उजेड आहे. इथे देह सपाट पडद्यासारखे एकामागे एक लागतात, हातपाय लांबट होतात, रंग मोजके राहतात आणि सगळ्यांवर एक जड शांतता येते. त्यांनी पद्मपाणीची भुवई किंवा कमळ उचलले नाही. आकृतींना एका भिंतीवर कसे बांधावे आणि उजेडाची गरज कशी संपवावी, एवढेच त्यांनी अजिंठ्याकडून घेतले. आमच्या जिल्ह्यातल्या हॉटेलांत अजिंठ्याच्या अप्सरांच्या ज्या नकला टांगलेल्या असतात, त्यांत नेमके याच्या उलट केलेले असते.

अजिंठा लांब पडत असेल तर छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात मूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांचे दोन गट कोरलेले आहेत, जवळजवळ माणसाच्याच मापाचे. जाड ओठ, वेगवेगळ्या केशरचना, वेगवेगळे चेहरे. कोणी तरी प्रत्यक्ष माणसांकडे पाहून केलेले असावे असे वाटते. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट त्यांच्या पाठी आहेत. त्यांचे चेहरे झाकून फक्त पाठींची रेखाटने करा. तासाभरात तुम्हाला कळेल की हात जोडणे ही क्रिया मनगटांत घडत नाही, ती मणक्यात घडते. मी माझ्या प्रत्येक वर्षीच्या विद्यार्थ्यांना तिथे नेतो आणि दरवर्षी निम्मी मुले पहिल्या दहा मिनिटांत मोबाइल बाहेर काढतात.

मोबाइलविषयी बोलायलाच हवे, कारण तुमच्या चित्रांचे जे फोटो तुम्ही पाठवले त्यांत मला त्याची सावली दिसते. फोनची भिंग रुंद कोनाची असते. तीन फुटांवरून काढलेल्या फोटोत पुढचा गुडघा फुगतो, डोके लहान होते, कडेची माणसे ताणली जातात. आपला डोळा त्या प्रतिमांना इतका सरावला आहे की ते विरूपीकरण आहे हेच जाणवत नाही. त्यावर चौकटी आखून चित्र मोठे केले की यंत्राने त्याच्या सोयीसाठी केलेला बिघाड तुम्ही प्रामाणिकपणे रंगवता. तुमची बसलेली म्हातारी पाहा. तिचे पाऊल तिच्या चेहऱ्याहून मोठे आहे आणि त्याला चित्रात काही कारण नाही. फोटो वापरू नका असे मी म्हणणार नाही, मीही वापरतो, पण कपड्याच्या चुण्या किंवा एखादे अवजार आठवण्यासाठी. शरीर कुठे जड आहे हे फोटोला माहीत नसते.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे स्मरण. पिकासोने १९०५-०६मध्ये लेखिका गरट्रूड स्टाईन यांचे व्यक्तिचित्र केले तेव्हा ऐंशी-नव्वद बैठका झाल्या, असे स्टाईन यांनीच लिहून ठेवले आहे. एवढे होऊन त्याने रंगवलेले डोके पुसून टाकले, उन्हाळाभर स्पेनमध्ये जाऊन आला, आणि परतल्यावर त्या समोर नसताना मुखवट्यासारखा चेहरा रंगवला. बैठका वाया गेल्या असे समजू नका. त्या बैठकांनीच देह, हात आणि ते जड बसणे पक्के केले होते. चेहऱ्यासाठी मात्र त्याला समोरच्या माणसाची अडचण होत होती. तुम्हीही एसटी स्टँडवर पाच मिनिटे एकाच माणसाकडे पाहा, वही उघडू नका, आणि घरी जाऊन काढा. जे आठवले नाही त्याची तुम्हाला गरज नव्हती.

फ्रेंच चित्रकार मातीसची गोष्ट याहून उद्बोधक आहे. १९३५मध्ये पहुडलेल्या गुलाबी नग्न स्त्रीचे चित्र करताना त्याने सहा महिन्यांच्या कामाचे टप्प्याटप्प्याने बावीस फोटो काढून घेतले. ते फोटो छापलेले सापडतात. मिळवून भिंतीला लावा. सुरुवातीच्या टप्प्यांत खोलीला खोली आहे, मागे खुर्ची आणि फुले आहेत, बाईचे वळण नेहमीचे आहे. मग तो रंगीत कागदाचे तुकडे कापून कॅनव्हासवर टाचतो, हलवतो, काढतो. हात वाढत जाऊन चौकटीच्या कडेला भिडतो, डोके आक्रसते, खुर्ची गळून जाते, मागची चादर चौकटींची जाळी होते. कुठल्याही एका टप्प्यावर त्याने ‘आता विरूपीकरण करू’ असे केलेले दिसत नाही. प्रत्येक बदल आधीच्या बदलाने निर्माण केलेली अडचण सोडवण्यासाठी आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘किती’चे, सर्वांत प्रामाणिक उत्तर त्या बावीस फोटोंत आहे, आणि ते शब्दांत सांगण्यासारखे नाही.

अंतर हा असाच दुसरा धागा. जाकोमेत्ती हा स्विस शिल्पकार युद्धकाळात जिनिव्हात असताना माणसे घडवायला बसे आणि ती त्याच्या हातात लहान लहान होत जात. काड्यापेटीत मावतील इतकी. नंतर ती उंच झाली, पण काडीसारखी बारीक राहिली. समोरचा माणूस आपल्याला त्याच्या खऱ्या मापात दिसत नाही, तो त्याच्याभोवतीच्या रिकाम्या जागेसह दिसतो, ही गोष्ट त्याने सोडली नाही. हे पॅरिसच्या रस्त्यावरचे तत्त्वज्ञान म्हणून सोडून देऊ नका. मे महिन्यात नांगरून पडलेल्या काळ्या रानात दुपारी दोन वाजता दूरवरून येणारा माणूस पाहा. मृगजळ त्याचे पाय खाते, धड हलत्या हवेत पातळ होते, डोक्यावरचा पांढरा ठिपका मात्र शाबूत राहतो. जवळ येईपर्यंत तो बाई आहे की गडी हेही कळत नाही. असा माणूस मराठवाड्यातल्या एखाद्या चित्रकाराने त्या उन्हासकट पकडलेला मी अजून पाहिलेला नाही, आणि मला तो जमलेला नाही.

चेहऱ्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण कोरा चेहरा हा सध्याचा सर्वांत स्वस्त आधुनिकपणा झाला आहे. बिनचेहऱ्याचे वारकरी, मोठे पागोटे, खाली रिकामा अंडाकार, मागे भगवा. ही चित्रे खपतात, आणि कोणाच्या पोटावर पाय देण्याची माझी इच्छा नाही. परंतु चेहरा काढून घेतला तर त्याचे काम दुसऱ्या अवयवाला द्यावे लागते. पाठीने बोलले पाहिजे, तळव्याने बोलले पाहिजे. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांनी याच्या अगदी विरुद्ध केले. त्यांनी चेहरा ठेवला आणि डोळे कपाळावर नेऊन बसवले, गालांवर काटेरी रेषांची जाळी मारली. त्या चेहऱ्यांपुढे उभे राहिले की नजर चुकवावीशी वाटते. चित्रकार सुधीर पटवर्धनांची वाट पुन्हा वेगळी आहे. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि त्यांच्या उपनगरी चित्रांतली कष्टकरी माणसे शरीराच्या आतला सांगाडा ठाऊक असलेल्या माणसाने रंगवलेली आहेत हे जाणवते. तिथे मोडतोड फारच थोडी आहे. तरीही ती माणसे पोझ देत नाहीत.

ऊसतोडीच्या फडावर रेखाटन करताना एका बाईने माझी वही मागून पाहिली आणि म्हणाली, “हात माझाच हाय, पण बांगड्या कुठं गेल्या?” मी आकार सोपा करण्यासाठी त्या गाळल्या होत्या. मी त्या परत काढल्या, आणि काढल्यावर मनगटाची जाडी पहिल्यांदा बरोबर आली. ज्याला काढता त्याला ते दाखवत जा, परवानगी आधी घ्या. हा केवळ सभ्यतेचा भाग नाही, त्यातून चित्र सुधारते.

तेव्हा पुढचे काही महिने असे करून पाहा. कोळसा आणि छपाईच्या दुकानात मिळणारा स्वस्त मोठा कागद घ्या, रबर घरी ठेवा. मोंढ्यात, स्टँडवर, बाजारात जा आणि प्रत्येक माणसाविषयी एकच प्रश्न विचारा: याचे ओझे कुठे आहे? ते दिसेल असे असेल किंवा नसेल. कर्जाच्या रांगेत बँकेबाहेर बसलेल्या माणसाच्या पाठीवर पोते नसते, पण त्याचा ओळंबाही पावलांत पडत नाही. पहिली रेषा त्या जागेवरून सुरू करा, डोक्यावरून नको. डोक्यापासून सुरुवात करण्याची सवय आपल्याला शाळेतल्या ग्रेड परीक्षांपासून लागलेली असते. लाइफ क्लास सोडू नका. ओळंबा ज्याला येतो त्यालाच तो कुठे चुकवावा हे कळते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. फसलेले कॅनव्हास फाडू नका, पांढरा रंगही मारू नका. भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि वर्षाने उलटवा. माझे ते पाणवठ्याचे चित्र अजून माझ्याकडे आहे. चुलते गेल्यानंतर मी ते पुन्हा बाहेर काढले आणि दोन बायांच्या माना खांद्यांत बसवल्या. त्या बसवताना खांदे रुंद झाले, कमरेचा डौल गेला आणि वरचे हंडे चौकटीबाहेर ढकलले गेले. तिसरीला मी हात लावलेला नाही. तिचे हंडे रिकामेच आहेत.